बलकाचं पिवळं येतं कुठून?

गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला ५५ किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूर शहरात तो १,००० च्या आसपास असतो. इतक्या पाण्यात परड्यात काही तग धरतं हेच मुळात नवल. पण गणपती उरकले, ऊन पडायला लागलं की तांबडा माठ तरारून उठतो, कुंपणावर दोडका चढतो, मिरचीला फूल धरतं. दोनचार गावरान कोंबड्या त्याच परड्यात उकिरतात आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून माठाच्या वाफ्यातही शिरतात. संध्याकाळी तव्यावर कांदा, लसूण, मिरची, वर चिरलेला माठ आणि दोन अंडी. सोबत नाचणीची भाकरी. एवढ्या साध्या जेवणात नवल करण्यासारखं काय असणार?

अंडं फोडून बघा. बलक पिवळाधमक असतो, आणि तो पिवळा रंग कोंबडीला स्वतःच्या शरीरात बनवताच येत नाही. तो सगळाच्या सगळा तिच्या खाण्यातून येतो. गवत, माठाची पानं, कुठे सांडलेला मका, यांतली ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी द्रव्यं ती गोळा करते आणि बलकात भरते. हिरव्या पानात पिवळं कसं, असं वाटेल. ते तिथे असतंच, फक्त हरितद्रव्याखाली झाकलेलं. पान पिकलं, हिरवं ओसरलं की ते उघडं पडतं. पिंजऱ्यातल्या कोंबडीला परडं मिळत नाही, म्हणून तिच्या खाद्यात पुष्कळदा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळतात. दसऱ्याला आपण दाराला जे तोरण बांधतो त्या झेंडूच्या रंगातही हेच ल्युटीन.

कोंबडीचे पायही पाहण्यासारखे. पिवळ्या पायांची तलंग अंड्यावर आली की तिच्या पायांचा रंग हळूहळू उतरत जातो, कारण खाण्यातून येणारं पिवळं आता कातडीऐवजी बलकाकडे वळतं. खुडूक बसली, अंडी थांबली की पाय पुन्हा रंग धरू लागतात. जाणकार माणूस पाय बघूनच कोंबडी किती दिवस अंड्यावर आहे याचा अंदाज बांधतो.

हे पिवळे पाय आले कुठून याचं उत्तर गगनबावड्याच्या माणसाला जास्त आवडावं. आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. चार्ल्स डार्विनने त्यालाच एकमेव पूर्वज मानलं होतं. पण २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा कळलं की पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याचं नाहीच. ते राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. हा पक्षी फक्त भारतातला, त्यातही मुख्यतः दक्षिणेकडचा आणि सह्याद्रीच्या रानांतला. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात पहाटे आरवतो तो हाच. कधीतरी, कुठल्यातरी वस्तीच्या कडेला त्याचा पाळीव कोंबड्यांशी संकर झाला आणि त्याचं एक जनुक जगभरच्या खुराड्यांत पोचलं. एरवी कातडीतल्या पिवळ्या द्रव्यांचे तुकडे करणारं एक विकर असतं. या जनुकामुळे ते कातडीपुरतं थंड पडतं आणि रंग टिकतो.

आता तव्याकडे. माठ आधी परतून त्याचं पाणी आटवायचं, मग अंडी. घाई केलीत तर अंडं भाजीच्या पाण्यात लिबलिबीत होतं. माठाचा तांबडा रंग पाण्यात विरघळणारा, म्हणून तो पांढऱ्यात उतरतो आणि कडा गुलाबी होतात. भातही त्यानेच रंगतो. पिवळी द्रव्यं मात्र पाण्याला दाद देत नाहीत, ती तेला-तुपातच विरघळतात. पांढरं ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. त्याहून पुष्कळ पुढे गेलात तर प्रथिनांची जाळी आवळत जाते, पाणी सुटतं आणि अंडं रबरासारखं होतं. म्हणून तवा जरा लवकरच उतरवावा.

खरी गंमत पोटात होते. माठात ल्युटीन भरपूर असलं तरी नुसत्या उकडलेल्या पाल्यातून ते आपल्याला फारसं मिळत नाही, कारण आतड्यातून पलीकडे जायला त्याला स्निग्धाची सोबत लागते. ती बलकात तयारच असते. एका बलकात साडेचार-पाच ग्रॅम स्निग्ध आणि वर लेसिथिन. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १६ तरुणांना कच्च्या भाज्यांबरोबर अंडी खायला दिली. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: तीन अंड्यांसोबत खाल्ल्यावर भाज्यांमधली ही रंगद्रव्यं रक्तात निदान तिप्पट उतरली. श्रावणात, पाला सगळ्यात कोवळा असताना, आपल्याकडे अर्ध्या घरांत अंडं वर्ज्य. अशा वेळी माठावर तुपाची धार धरावी, काम तेही करतं.

पानात ही द्रव्यं उन्हाचा जादा मारा झेलतात. नको असलेली ऊर्जा उष्णता करून बाहेर टाकतात. रक्तातून ती आपल्या डोळ्यात जातात, ती नेमकी पडद्याच्या मधोमध, जिथे बारीक अक्षर वाचायची नजर असते. त्या जागेला पीतबिंदू म्हणतात आणि तिचा पिवळेपणा याच द्रव्यांचा. तिथेही ती प्रखर निळा उजेड अडवतात. निसर्गात अशी पिवळी-नारिंगी द्रव्यं शेकडो आहेत, पण पीतबिंदू जवळ करतो तो ल्युटीन आणि झियाझँथिनच्या घराण्याला. दोघांना धरून ठेवणारी वेगवेगळी प्रथिनं तिथे असतात. गाजराच्या रंगाला तिथे जागा नाही. डोळ्यांसाठी गाजर खा म्हणणारी आजी म्हणून चुकीची ठरत नाही. गाजरातून अ जीवनसत्त्व बनतं आणि अंधुक उजेडात दिसायला तेच लागतं.