पंजीची जोडी आणि चिप्सचा हिशेब

पोकरच्या स्पर्धेत खेळाडूपुढे रचलेल्या चिप्सच्या ढिगाला खेळणारे स्टॅक म्हणतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याची पहिली समजूत अशी असते की ज्याचा स्टॅक मोठा तो निवांत व ज्याचा लहान तो संकटात. ही समजूत खोटी नसली तरी फार अपुरी आहे, कारण स्टॅकचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दर फेरीला सक्तीने किती भरावे लागते, समोरच्याजवळ किती आहे आणि बक्षिसांची वाटणी कशी ठरली आहे, यांच्याशी ताडून पाहिल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो. हातात आलेली दोन पाने तीच असूनही कधी ती खेळणे शहाणपणाचे ठरते आणि कधी टाकून देणे, याचा उलगडा या ताडून पाहण्यातच आहे.

स्पर्धांमध्ये बहुधा 'नो-लिमिट होल्डेम' हा प्रकार खेळला जातो. त्यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मध्यभागी टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडली जातात (पहिल्या तीन पानांना फ्लॉप म्हणतात) आणि एकूण सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच सरस ठरतो तो डाव जिंकतो. मात्र बाकीच्यांनी पाने टाकली, म्हणजे फोल्ड केले, तर उरलेला खेळाडू पाने न दाखवताही जिंकतो. कोणीही कोणत्याही क्षणी आपल्या साऱ्या चिप्स पुढे सारू शकतो, त्याला ऑल-इन म्हणतात. स्पर्धेत प्रवेशशुल्क भरल्यावर सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात, त्या मध्येच वटवून घेता येत नाहीत, संपल्या की खेळाडू बाहेर पडतो आणि बक्षिसे बाहेर पडण्याच्या क्रमावर ठरतात. दर डावाला दोन जागांवरच्या खेळाडूंना पाने पाहण्याआधीच ठरलेली रक्कम लावावी लागते, लहानीला स्मॉल ब्लाइंड आणि मोठीला बिग ब्लाइंड म्हणतात. दिवाळीत घरोघरी रंगणाऱ्या तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे न बघता चाल करणे, त्याच्याशी हिचा संबंध नाही. अलीकडे बहुतेक ठिकाणी बिग ब्लाइंडवाल्याकडूनच आणखी एक रक्कम घेतात, ती अँटी. ब्लाइंड घड्याळाच्या ठोक्यावर वाढत जातात, त्यामुळे काहीही न करता बसून राहणाऱ्याचा स्टॅकही झिजत राहतो.

ही झीज मुंबईच्या वर्सोव्यात कोणाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आरामनगरात ऑडिशनच्या रांगा लावणारा आणि यारी रोडला भाड्याच्या खोलीत राहणारा नट आपल्या शिलकेकडे तीन लाख रुपये म्हणून पाहत नाही, तर भाडे पन्नास हजार असेल तर सहा महिने म्हणून पाहतो, आणि भाडे वाढले की रुपये तेवढेच राहूनही महिने कमी होतात. पोकरमध्ये हेच माप 'एम' या अक्षराने ओळखले जाते. अमेरिकन गणितज्ञ आणि बॅकगॅमनपटू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून ते पडले आणि 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धामालिकेतल्या १९९५ च्या मुख्य स्पर्धेचा विजेता डॅन हॅरिंग्टन याच्या पुस्तकामुळे ते जगभर पसरले. स्टॅकला एका फेरीच्या सक्तीच्या खर्चाने भागले की एम मिळतो. ब्लाइंड ५०० व १,००० आणि अँटी १,००० असेल तर फेरीचा खर्च २,५०० होतो. १२,००० चिप्स बाळगणाऱ्याचा एम ४.८, म्हणजे नऊ जणांच्या टेबलावर तो सुमारे ४३ डाव तग धरू शकतो, आणि टेबलावर चौघेच उरले असतील तर जेमतेम १९. हॅरिंग्टनने एमचे रंगांनुसार पट्टे पाडले आणि पाचाखालचा पट्टा लाल ठरवला. हल्लीचे खेळाडू याच मापाचे सोपे रूप वापरतात आणि स्टॅक बिग ब्लाइंडांत मोजतात. वरच्या खेळाडूकडे १२ बिग ब्लाइंड आहेत असे म्हणणे त्यांना पुरते.

एकच हात घेऊन पाहिले तर या मापाचा परिणाम स्पष्ट दिसतो. हातात पंजीची जोडी आली आहे आणि आधीच्या कोणीतरी अडीच बिग ब्लाइंडांची बोली लावली आहे. अशा जोडीची खरी ताकद फ्लॉपमध्ये तिसरी पंजी उतरण्यात असते आणि तसे सरासरी साडेआठ वेळांतून एकदाच घडते. उरलेल्या साडेसात वेळा अडीच-अडीच बिग ब्लाइंड वाया जातात, म्हणजे पावणेएकोणीस बिग ब्लाइंडांचा खड्डा एका यशातून भरून काढावा लागतो. दोघांकडे शंभर-शंभर बिग ब्लाइंड असतील तर हे सहज जमते, कारण हातातली जोडी कोणालाच दिसत नाही आणि एक्क्यांची जोडी धरून बसलेला प्रतिस्पर्धी मोठी रक्कम गमावू शकतो. पण स्टॅक १२ बिग ब्लाइंडांचा असेल तर समोरच्याची बोली, ब्लाइंड, अँटी आणि त्याने मागाहून घातलेले सारे धरूनही हाती येण्याजोगे जास्तीत जास्त साडेचौदा भरतात, तेव्हा फ्लॉप पाहण्यासाठी अडीच भरणे हा सरळ घाट्याचा व्यवहार ठरतो. तेच बारा बिग ब्लाइंड, तीच जोडी, पण आपल्या आधी सगळ्यांनी पाने टाकली असतील आणि मागे फक्त ब्लाइंडवाले दोघे उरले असतील, तर ऑल-इन करणे योग्य असते: दोघांनी पाने टाकली तर अडीच बिग ब्लाइंड, म्हणजे स्टॅकच्या एकवीस टक्के, विनासायास मिळतात, आणि एखाद्याने दोन वरच्या पानांनिशी गाठलेच तरी जोडी निम्म्याहून थोड्या अधिक वेळा टिकते. लहान स्टॅकचा खेळ म्हणूनच पुढे सारा किंवा टाकून द्या एवढ्यावर येतो, आणि मधली वाट, म्हणजे थोडे भरून पाहू ही वाट, त्याला परवडत नाही.

वीस-पंचवीस बिग ब्लाइंडांचा स्टॅक सर्वांत अवघड, आणि नवखे खेळाडू सर्वाधिक चुका इथेच करतात असे म्हणायला हरकत नाही. फ्लॉप पाहत फिरण्याइतका तो खोल नसतो आणि पहिल्या बऱ्या हातावर झोकून द्यावा इतका लहानही नसतो. त्याचे खरे बळ दुसऱ्याच्या बोलीवर सगळा स्टॅक चढवण्यात असते. उशिरा बोलायच्या जागेवरून साध्याशा पानांवरही सैल बोली लावणाऱ्याला तेव्हा एक तर पाने टाकावी लागतात किंवा मोठी जोखीम पत्करावी लागते. दुसरा पाने टाकेल या शक्यतेत दडलेला हा फायदा स्टॅक घटत गेला की आटतो, कारण तीन बिग ब्लाइंडांच्या ऑल-इनला कोणीच भीत नाही. १९८२ ची वर्ल्ड सिरीज जिंकणारा जॅक स्ट्रॉस एका उरलेल्या चिपवरून परत आला ही कथा पोकरच्या जगात मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. तिच्या भरवशावर चांगल्या पानांची वाट पाहत तीन बिग ब्लाइंडांपर्यंत घसरणे मात्र महागात पडते.

येथवर स्टॅक एकट्याचा धरला, पण प्रत्यक्ष डावात मोजायचा असतो तो दोघांपैकी लहान स्टॅक. ऐंशी बिग ब्लाइंडांचा धनी नऊवाल्याशी भिडतो तेव्हा त्या दोघांपुरता डाव नऊचाच असतो, कारण त्यापलीकडचे काहीही पणाला लागू शकत नाही; आणि त्याच डावात तिसरा सत्तरवाला उतरला की तोच खेळाडू एकाच वेळी दोन वेगवेगळे खेळ खेळत असतो. म्हणून अनुभवी खेळाडू स्वतःच्या चिप्स मोजण्याआधी डावी-उजवीकडच्या ढिगांवर नजर फिरवतात. आपल्या डावीकडे, म्हणजे आपल्यानंतर बोलणाऱ्यांत, पंधरा-वीसचे स्टॅक बसले असतील तर सैल बोली आवरती घ्यावी लागते, मग आपल्याकडे कितीही असो.

हे सगळे मराठी माणूस कायदेशीरपणे खेळणार कोठे, हा प्रश्न गौण नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, पण पोकर त्यात बसतो की नाही यावर न्यायालयांचे एकमत नाही: सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्राधान्याने कौशल्याचा खेळ मानले, कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोकरबाबत अनुकूल भूमिका घेतली, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले. राज्यात कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा एकदाही अमलात न येता २०२३ मध्ये रद्द झाला. मोबाइलवरची वाट ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंद झाली, कारण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना त्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. तेव्हा वर्सोव्यातल्या खेळाडूला जवळची जागा उरते ती पणजीची, जिथे १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनंतर मांडवी नदीतल्या जहाजांवर कॅसिनो उभे राहिले आणि 'डेल्टिन रोयाल'सारख्या जहाजावर पोकरच्या स्पर्धा भरू लागल्या. जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के आयकर बसतो आणि हरलेल्या स्पर्धांचे प्रवेशशुल्क त्यातून वजा करता येत नाही, ही बाब जहाजावर चढण्यापूर्वीच हिशेबात धरलेली बरी.

आता पुन्हा स्टॅककडे वळू. बक्षिसांचा स्टॅकशी असलेला संबंध हा या विषयाचा सर्वांत सूक्ष्म भाग, आणि गंमत अशी की त्याचे गणित घोड्यांच्या शर्यतीतून आले आहे. एखादा घोडा पहिला येण्याची शक्यता ठाऊक असेल तर तो दुसरा किंवा तिसरा येण्याची शक्यता कशी काढावी, याचे सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये मांडले: पहिला आलेला घोडा बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत त्याच प्रमाणात वाटणी करायची. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कोणालाही पटेल असे हे सूत्र मेसन मॅलमथ यांनी १९८७ मध्ये पोकरला लावले, घोड्याच्या शक्यतेच्या जागी प्रत्येकाच्या चिप्सचा वाटा धरला, आणि आज ते 'इंडिपेंडंट चिप मॉडेल' किंवा नुसते आयसीएम म्हणून ओळखले जाते.

समजा चार खेळाडू उरले आहेत, प्रत्येकाकडे १०,००० चिप्स आहेत आणि एक लाखाची बक्षिसे ५०, ३० व २० हजार अशी आहेत. चौथ्याला काहीच नाही. प्रत्येकाच्या जागेची किंमत अर्थातच २५,००० रुपये. आता दोघे ऑल-इन भिडले आणि एक बाद झाला, तर जिंकणाऱ्याकडे २०,००० चिप्स येतात, पण हार्व्हिलच्या रीतीने तो पहिला येण्याची शक्यता निम्मी, दुसऱ्या क्रमांकाची एक तृतीयांश आणि तिसऱ्याची एक षष्ठांश निघते, म्हणजे त्याच्या जागेची किंमत ३८,३३३ रुपये होते. चिप्स दुप्पट झाल्या, पण पैसे दीडपटीच्या थोडे वर गेले. उरलेले ११,६६७ रुपये गेले कोठे? हात न लावता बसलेल्या दोघांकडे, प्रत्येकी ५,८३३. आलेले ऑल-इन स्वीकारणाऱ्याला त्यामुळे केवळ न तोटा न नफा राहण्यासाठी शंभरांतून पासष्ट वेळा जिंकावे लागते, आणि पंजीची जोडी दोन वरच्या पानांपुढे जे पंचावन्नच्या आसपास टिकते ते इथे पुरत नाही. स्पर्धेच्या पहिल्या तासात योग्य असलेली कृती या क्षणी चूक ठरते.

बक्षिसांच्या उंबरठ्यावरच्या या टप्प्याला बबल म्हणतात, आणि त्यात वेगवेगळ्या स्टॅकच्या वागण्याला वेगवेगळी कारणे असतात. सर्वांत मोठा स्टॅक जवळपास दर डावाला दडपण आणू शकतो, कारण बाद होण्याची भीती त्याला नसून समोरच्याला असते. मात्र दुसऱ्या मोठ्या स्टॅकशी विनाकारण भिडणे हा त्याचा मूर्खपणा. मधल्याची कोंडी सर्वांत वाईट, कारण टेबलावर तीन बिग ब्लाइंडांचा एखादा दुर्बळ अजून तगून असताना आपण आधी बाद झालो तर हातचे बक्षीस गेले, म्हणून तो चांगले हातही टाकतो. ज्या पात्रता स्पर्धांत ठरावीक संख्येला सारखीच जागा मिळते, तिथे तर ही सावधगिरी टोकाला जाते: दहा जागा, अकरा खेळाडू आणि जवळ भरपूर चिप्स असतील तर एक्क्यांची जोडीही टाकणे बरोबर असू शकते, कारण जास्त चिप्सना जास्त बक्षीस नाही. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी, व २०१८ मध्ये निकिता लूथर हिने ज्युसेप्पे पँटालिओच्या साथीने वर्ल्ड सिरीजची जी 'टॅग टीम' स्पर्धा जिंकली, तिच्यात एकच स्टॅक जोडीदार आळीपाळीने खेळतात. अशा खेळात ढीग कोणत्या अवस्थेत हाती आला हे बसताक्षणी ओळखावे लागते.

शेवटचे दोघे उरले की आयसीएमची सगळी वाकडी वळणे संपतात. वरच्याच उदाहरणात दोघांचे ३०-३० हजार पक्के झालेले असतात आणि वाद असतो फक्त २०,००० रुपयांचा, त्यामुळे टेबलावरच्या ४०,००० चिप्सपैकी प्रत्येकीची किंमत बरोबर ५० पैसे होते, मिळवलेलीची तेवढीच आणि गमावलेलीचीही तेवढीच. आता पासष्टची अट उरत नाही आणि पंचावन्नचा हात पुन्हा खेळण्याजोगा होतो. शिवाय दोघांत दर डावाला दोघांनाही ब्लाइंड भरावा लागतो आणि एक फेरी दोन डावांतच संपते, म्हणून वीस बिग ब्लाइंडांचा स्टॅक, जो नऊ जणांच्या टेबलावर बहात्तर डाव पुरला असता, तो इथे सोळा डावांत आटतो.