इंजिन बदलायचं म्हणजे जहाज उघडायचं

पाचोऱ्याहून मुंबईचा समुद्र पावणेचारशे किलोमीटरवर. त्यामुळे मी गोदीत फिटर होतो म्हटलं, की गावात हमखास विचारणा होते, "भाऊ, जहाजाचं इंजिन बदलता येतं का हो?" येतं. पण त्या कामात इंजिन हाच सोपा भाग.

जहाज बांधताना इंजिन आधी आत बसतं, डेक मागून चढतात. बाहेर काढायला दार कुठून असणार? मुंबईची ह्यूजेस ड्राय डॉक १९१४ची, हजार फूट लांब. अशा गोदीत जहाज कोरडं उभं राहिलं तरी इंजिनाला लगेच हात लागत नाही. आधी टाक्यांतलं तेल उपसायचं, वाफारा घालवायचा. गॅस तपासणाऱ्याचा दाखला हातात आला की मगच कटिंगची ज्योत पेटते. पुढे दोन वाटा: कुशीचा पत्रा कापून आडवं ओढायचं, नाहीतर धुराड्याखालची पोकळी उघडून वर उचलायचं.

'क्वीन एलिझाबेथ २' या प्रवासी जहाजाची वाफेची टर्बाइन काढून १९८६-८७मध्ये जर्मनीत ब्रेमरहाफेनला नऊ डिझेल इंजिनं बसवली. नऊ इंजिनांचे नऊ धूरनळ मावेनात, म्हणून धुराडंसुद्धा रुंद करावं लागलं.

विहिरीवर पाचच्या जागी दहा एचपीची मोटर टाका. केबल, स्टार्टर, पाइप सगळंच बदलावं लागतं. इथेही तेच. इंजिनाचे फेरे बदलले की गिअरबॉक्स आणि जहाज ढकलणारा पंखा जुळवा, थंड पाण्याचे पंप बदला. वजन घटलं-वाढलं तर जहाज किती कलतं ते पुन्हा मोजा. नवं इंजिन जुन्यासारखंच नसेल, तर धुराचे आजचे नियम लागू होतात.

खरी कसोटी रेषेची. पंखा फिरवणारा शाफ्ट जागचा हलवत नाहीत. इंजिनच त्याच्या रेषेत आणायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. ऊन चढलं की डेक तापतो, जहाज किंचित वाकतं; म्हणून मापं पहाटे घ्यायची. पाण्यात उतरल्यावर सांगाडा पुन्हा आकार बदलतो, म्हणून तिथे परत मोजायचं. मग इंजिनाच्या पायांखाली रेझिन ओतायचं आणि ते कडक झालं की बोल्ट आवळायचे. जहाजांची तपासणी करणाऱ्या वर्गीकरण संस्थेचा सर्वेयर समाधानी झाला की समुद्रात चाचणी.

मालकाला इंजिनाच्या किमतीइतकीच चिंता असते ती जहाज किती दिवस बिनकमाईचं उभं राहील याची. सांगाड्याचं आयुष्य थोडंच उरलं असेल तर हा हिशेब जमत नाही. असं जहाज नव्या इंजिनाऐवजी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत जातं.