एका गोळीत दोन द्रव्ये कशासाठी?

हिंदमाताच्या चौकातून परळकडे चालत गेले की थोड्याच वेळात आचार्य दोंदे मार्ग लागतो. के. ई. एम. आणि वाडिया प्रसूतिगृहाच्या शेजारीच हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या लशीमुळे ती आपल्या परिचयाची असते. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लाल गोळीचा एक धागाही या संस्थेपर्यंत पोहोचतो. गोळीत लोह असते, तसेच फॉलिक आम्लही. ही दोन द्रव्ये एकत्र का, ते पाहू.

१९२८ साली डॉ. लुसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. येथील गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होई आणि त्यात काही दगावत. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. विल्स यांनी आधी जंतूंचा शोध घेतला. तो निष्फळ ठरला. मग त्यांनी आहाराकडे लक्ष वळवले. या गरीब स्त्रियांच्या जेवणात भाजी, फळे आणि दूध फारच थोडे होते. तशाच निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना रक्तक्षय झाला आणि यीस्टचा अर्क, म्हणजे ‘मार्माइट’, दिल्यावर तो बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही या अर्काने गुण आला. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून मिळवलेल्या अशाच द्रव्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. १९४५ साली अमेरिकेत ते प्रयोगशाळेत तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रात जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. तांबड्या पेशी हे प्राणवायू वाहून नेणारे डबे आहेत, असे समजा. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी डीएनएची प्रत तयार व्हावी लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल हवे. ते कमी पडले की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. परिणामी डबे मोठे, पण मोजकेच तयार होतात. लोह लागते ते डब्यातील हिमोग्लोबिनसाठी. ते कमी पडले तर डबे लहान आणि फिकट राहतात. गरोदरपणात रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि गर्भाच्या पेशीही झपाट्याने विभागत असतात. त्यामुळे दोन्हींची गरज एकाच वेळी वाढते. एकाचे काम दुसरे करू शकत नाही.

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमहून कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये तो आढळला. सरकारी कार्यक्रमातील गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस ती रोज घ्यायची असते. चहाबरोबर घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर ते चांगले शोषले जाते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. गोळीमुळे शौचाला काळे होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळ होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

फॉलिक आम्लाचे एक काम मात्र फार लवकर सुरू होते. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत एक गोष्ट दिसली. आधीच्या बाळात या नळीचे व्यंग असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर पुढच्या बाळातील व्यंगाचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. म्हणून मूल हवे असे ठरवतानाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल सुरू करणे इष्ट.

यात शाळेचाही वाटा आहे. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी याच दोन द्रव्यांची असते. अनेक मुली ती गुपचूप टाकून देतात. गोळी वाटताना त्यामागचे कारणही आपण सांगावे. लोहाचा साठा एका महिन्यात उभा राहत नाही. गरोदरपणातील आरोग्याची तयारी आपल्या वर्गापासूनच सुरू होते.