कोयता, काठी आणि मनाईहुकूम

मोखाडा तालुक्यातील पोशेरा हे गाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिले असेल. परंतु हत्यारांच्या कायद्याची खरी परीक्षा करावयाची तर मुंबईच्या मंत्रालयापेक्षा हे गाव अधिक सोयीचे आहे, असे आमचे मत आहे. त्या डोंगराळ मुलखात कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे लोक राहतात. नागली, वरई व भात ही त्यांची पिके. येथला माणूस सकाळी घराबाहेर पडला की त्याच्या कमरेस कोयता असावयाचाच. राबासाठी झाडाच्या फांद्या उतरावयाच्या, कुडासाठी कारवी कापावयाची, सरपण तोडावयाचे, बांबू चिरावयाचा, वाटेतले काटेरी झुडूप दूर करावयाचे, ही सर्व कामे त्या एका पात्यावर चालतात. आपण शहरवासी खिशात लेखणी ठेवतो तितक्याच सहजपणे तो कोयता बाळगतो, आणि आपण जशी लेखणी कोणावर उगारीत नाही तसा तोही कोयता उगारीत नाही. (वर्तमानपत्रकर्त्यांची लेखणी या नियमास अपवाद समजावी.)

आता हा कोयता शस्त्र आहे की अवजार? प्रश्न बालिश वाटेल, पण त्याचे उत्तर एका कायद्यात एक व दुसऱ्यात दुसरे आहे, आणि ज्याच्या कमरेला तो कोयता आहे त्याला यांपैकी एकही उत्तर कोणी समजावून दिलेले नाही.

पहिले उत्तर दिल्लीचे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात शस्त्राची व्याख्या करताना कायदेमंडळाने स्पष्ट सांगितले की, केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्रांत मोडत नाहीत. लाठी व चालताना हाती धरावयाची साधी काठी यांची तर नावेच उदाहरणादाखल घातली. २०१६ च्या नियमांत तलवारी, खंजीर, भाले आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे यांची गणना शस्त्रांत केली आहे, पण तेथेही घरकाम व शेती यांसाठी असलेली हत्यारे वगळली आहेत. शिवाय बंदुकीस परवाना सर्वत्र लागतो. धारदार शस्त्रास मात्र केंद्र सरकारने कलम ४ खाली एखादा प्रदेश त्यासाठी अधिसूचित केला असेल तरच लागतो. इतके वाचून पोशेऱ्याचा शेतकरी निश्चिंत झाला तर त्यास दोष देता येणार नाही. मात्र तो फसेल.

कारण दुसरे उत्तर मुंबईचे आहे. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या कलम ३७ च्या पहिल्या पोटकलमाने जिल्हा दंडाधिकाऱ्यास व पोलीस आयुक्तास असा अधिकार दिला आहे की, शांततेसाठी आवश्यक वाटेल तेव्हा व वाटेल तितका काळ त्याने एखाद्या गावी किंवा जागी तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्यास मनाई करावी. दिल्लीच्या कायद्याने जी लाठी मुद्दाम नाव घेऊन सोडून दिली, तीच लाठी मुंबईच्या कायद्याने मुद्दाम नाव घेऊन पकडली आहे! कोयत्याचे नाव तेथे नाही, पण 'कोणतीही वस्तू' या शब्दांतून सुटेल असे धारेचे हत्यार आम्हांस तरी ठाऊक नाही. असा हुकूम निघाला असता जो हत्यार बाळगील त्याचे हत्यार हिसकावून सरकारजमा करता येते. आणि कलम १३५ प्रमाणे त्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. एवढेच नव्हे, तर न्यायाधीशाने खास कारणे लिहून ठेवल्यावाचून ही कैद चार महिन्यांहून कमी करता येत नाही. चार महिने! राब भाजण्याच्या दिवसांपासून लावणी होईपर्यंतचा काळ त्यात सहज संपतो.

तिसरेही एक उत्तर आहे, ते वनखात्याच्या दप्तरी. तानसा अभयारण्याची हद्द शहापूर, वाडा व मोखाडा या तालुक्यांत पसरली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३१ म्हणते की, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकू नये. आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण, चाकू, गळ, जाळी व फासे हे सर्व येतात. वाघबिबट्यांच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे. परंतु एकच माणूस, एकच कोयता, आणि सकाळच्या एका फेरीत तो तीन निरनिराळ्या व्याख्यांखालून जातो, हे पाहिले म्हणजे कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही हे तत्त्व पोशेऱ्याच्या माणसास सांगताना वकिलाचीही जीभ अडखळते.

कोणी म्हणेल की दोन कायदे परस्परविरुद्ध असले तर वरचा खालच्यास खोडून काढतो, मग मुंबईचा कायदा दिल्लीच्या कायद्यापुढे टिकतो कसा? राज्यघटनेत याचे उत्तर आहे. शस्त्रे व दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत; सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याच्या यादीत. शस्त्र कायदा शस्त्रांविषयी बोलतो, पोलीस कायदा शांततेविषयी. म्हणून कायदेपंडितांच्या दृष्टीने दोघांची टक्कर होत नाही. ही मांडणी सदोष आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जी टक्कर कागदावर टळली ती माणसाच्या अंगावर येऊन पडली.

या कायद्यांचा वंशवृक्ष पाहिला तर अधिक उलगडा होतो. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली, ज्या वर्षी देशी वर्तमानपत्रांचे तोंड बंद करणारा कायदा झाला त्याच वर्षी, हिंदी लोकांची हत्यारे काढून घेणारा कायदाही झाला. त्याच्या व्याख्येत बंदुका व तलवारींच्या जोडीला धनुष्यबाणही होता, म्हणजे डोंगरातल्या माणसाचे पिढीजात साधन सरकारच्या यादीत नोंदले गेले. आणि गोऱ्या लोकांना मात्र सूट होती. गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत या कायद्यास अतिशय काळे स्थान दिले. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क घटनेत घालण्याची सूचना आणली, पण ती मान्य झाली नाही. ती झाली नाही याचे आम्हांस दुःख नाही. घरोघर पिस्तुले पोहोचविल्याने स्वातंत्र्य वाढते असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. दुःख याचे आहे की, परकीय सरकारने अविश्वासापोटी केलेली हुकमाची पद्धत स्वकीय सरकारने जशीच्या तशी चालविली.

या मुलखात तर कायद्याची अदलाबदल जुनीच आहे. जव्हार हे मुकणे घराण्यातील महादेव कोळी राजांचे संस्थान, आणि शेजारचा मोखाड्याचा मुलूख इंग्रजी ठाणे जिल्ह्यात. ओढा ओलांडला की अंमल बदलत असे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा निघाला. हुकूम काढणारे दफ्तर तीन वेळा बदलले. कोयता तोच राहिला.

मनाईहुकमाच्या बाजूनेही पुष्कळ बोलण्यासारखे आहे, व ते न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. १६ एप्रिल २०२० रोजी याच पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा मोटारचालक यांना ठार मारले. ते कृत्य आठवले म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाती काहीच अधिकार नसावा असे कोणता शहाणा मनुष्य म्हणेल? पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास कोवळ्या वयाची पोरे कोयते नाचवीत रस्त्याने फिरू लागली, तेव्हा कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधारकार्ड पाहून नोंद ठेवावी, असे पोलिसांनी दुकानदारांस बजावले. आमच्या व्यापारी बंधूंना हा जाच वाटला असेल, पण शहरापुरता तो अवाजवी नव्हता. परंतु गडचिंचल्याची दुसरी बाजूही पाहावी. त्या वेळी सर्व देशात टाळेबंदी होती. घराबाहेर पडण्यासच मनाई होती, मग जमण्याची व काठ्या धरण्याची गोष्टच नको. हुकमांची वाण नव्हती. वाण होती ती अफवा वेळीच मोडून काढणाऱ्या, गावाने ज्याचे ऐकले असते अशा माणसाची. सर्वांनाच सदासर्वदा लागू असलेला हुकूम शेवटी कोणालाच लागू नाही असा होऊन बसतो.

परवानाधारकांची स्थिती याच्या अगदी उलट आहे. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची चाल होती. ती सरसकट असू नये, प्रत्येक परवानाधारकाचा पूर्वेतिहास पाहून एका छाननी समितीने निर्णय करावा, असा दंडक मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाने घालून दिला. फार उत्तम झाले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, पण परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली. म्हणजे तेथे घेणे व देणे दोन्ही आहे. ज्याच्याजवळ रिव्हॉल्व्हर आहे त्याच्यासाठी समिती, छाननी व अपील. आणि ज्याच्याजवळ कोयता आहे त्याच्यासाठी फलकावर डकविलेला एक कागद! घातकपणाच्या उलट क्रमाने न्याय मिळावा, ही कोणती रीत?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वाद वेगळ्या तोंडाने चालू आहे. तेथे शहरे व परगणे हत्यारांवर कडक नियम करू पाहतात, आणि वरची राज्य सरकारे ते मोडून काढतात. ॲरिझोनाने २०१० साली नगरपालिकांस चाकूविषयी स्वतंत्र नियम करण्याची बंदी केली. टेक्सासने २०१७ साली साडेपाच इंचांहून लांब पात्याचे सुरे बाळगण्यास बहुतेक ठिकाणी मोकळीक दिली. आणि २०२२ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा १९११ पासूनचा पिस्तूल-परवान्याचा निर्बंध घटनाबाह्य ठरविला. तेथे गाव कडक व राज्य सैल. येथे गाव सैल व राज्य कडक. पण गावाला विचारावयाचे नाही, यावर मात्र दोन्ही देशांचे एकमत दिसते.

आमच्याकडे तर विचारण्याची सोय कायद्यातच आहे. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेस आपली रूढी व तंटे मिटविण्याची रीत राखण्यास समर्थ मानले आहे. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यपालांस एखादा कायदा अशा क्षेत्रात फेरफार करून लागू करता येतो. मोखाड्याच्या बाजूस बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे चढवून, हाती शस्त्रे घेऊन देवदानवांची सोंगे नाचतात. कलम ३७ अक्षरशः लावले तर त्या सोंगांनाही अटक करावी लागेल, आणि त्याच कलमात वाद्ये व गाणी बंद करण्याचाही अधिकार असल्यामुळे मागचे वाजंत्रीही सुटणार नाहीत! तसे कोणी करीत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. पण पोलिसांच्या समजूतदारपणावर जगणे आणि कायद्याच्या आश्रयाने जगणे यांत अंतर आहे. समजूतदार फौजदार बदलून जातो, कलम राहते.

खरी अडचण तर गाव सोडल्यावर येते. दिवाळी झाली की या तालुक्यांतून मोठ्या संख्येने कुटुंबे पोटासाठी खाली उतरतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. पोरे, मडकी, घोंगडी यांच्याबरोबर बोचक्यात कोयताही असतो. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे, आणि आयुक्तालयांच्या हद्दीत असे मनाईहुकूम एकामागून एक निघतच असतात. हुकमात बहुधा एक सूट असते. ज्या सरकारी नोकरांस कर्तव्यासाठी हत्यार बाळगावे लागते त्यांना तो लागू नाही. सरकारच्या कामासाठी लागणारे हत्यार हे कर्तव्य, आणि पोटासाठी लागणारे हत्यार हा गुन्हा!

आमची मागणी मोठी नाही, व त्यास नव्या कायद्याचीही गरज नाही. कलम ३७ खालच्या प्रत्येक हुकमात, शेती, मोलमजुरी व घरकाम यांचे हत्यार जो त्या कामासाठी नेत असेल त्यास हा हुकूम लागू नाही, हे एक वाक्य घालावे. शस्त्र कायद्यात ते आहेच, तेथून उतरून घ्यावयास लेखनिकास एक मिनिट लागेल. हत्यार काढून घेतले तर जागेवर पावती द्यावी. हुकूम कोणत्या गावापुरता व किती दिवसांचा हे त्यात नमूद असावे. सगळा जिल्हा व सगळे वर्ष अशी गोधडी शिवू नये. आणि त्याच पोलीस कायद्याने हुकूम प्रसिद्ध करण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत ढोल वाजवून जाहीर करण्याचाही मार्ग आहे, त्याचा उपयोग करावा. जिल्ह्याच्या ठिकाणी फलकावर लागलेला कागद पोशेऱ्यास पोहोचत नाही. मोखाड्याच्या आठवडे बाजारात, दिवाळीपूर्वी, माणसे खाली उतरण्याआधी, त्यांना समजेल अशा बोलीत दवंडी पिटावी, आणि तिची नोंद ग्रामसभेच्या वहीत सही-अंगठ्यानिशी व्हावी. ती वही पुढे न्यायालयात सरकारच्याही उपयोगी पडेल. कारण हुकूम रीतसर प्रसिद्ध झाला होता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर नसून सरकारवर आहे.