चेरीचा बहर आणि आपल्या तळ्याकाठचा करंज



मार्च महिना आला की मोबाईलवर गुलाबी फुलांचे फोटो फिरू लागतात. शांत तळं, काठावर फुलांनी वाकलेली झाडं, खाली पाण्यात पडलेल्या पाकळ्या. ही जपानमधली चेरीची झाडं. फोटो बघून वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "सर, हे झाड आपल्या मुरुमला का येत नाही?" प्रश्न चांगला आहे. आजच्या पाठात त्याचं उत्तर शोधू, आणि मग आपल्या तळ्याकाठी याच दिवसांत काय फुलतं तेही पाहू.

हानामी म्हणजे काय?

जपानी भाषेत चेरीच्या फुलाला 'साकुरा' म्हणतात. 'हाना' म्हणजे फूल आणि 'मी' म्हणजे पाहणं. फुलं पाहायला जाणं म्हणजे हानामी. घरची माणसं, शेजारी, कचेरीतले सोबती झाडाखाली चटई अंथरतात, डबा खातात आणि फुलं बघत बसतात. आपल्याकडची वेळ अमावास्येची वनभोजनाची पंगत आठवा, म्हणजे कल्पना येईल.

हा बहर फार थोडे दिवस टिकतो. फुलं पूर्ण उमलली की साधारण आठवडाभरात पाकळ्या गळायला लागतात. म्हणून तिथले लोक 'नंतर जाऊ' म्हणत नाहीत. तिथे सगळ्यांत जास्त दिसणारी जात म्हणजे सोमेई योशिनो. ही झाडं कलम करून वाढवलेली असतात, म्हणजे एकाच झाडाच्या जणू नकला. त्यामुळे एका परिसरातली सगळी झाडं जवळजवळ एकाच वेळी फुलतात.

१९१२ साली टोकियो शहराने अमेरिकेतल्या वॉशिंग्टनला ३,०२० चेरीची झाडं भेट दिली. ती तिथल्या टायडल बेसिन या जलाशयाच्या काठी आणि आसपास लावली गेली. त्याआधी १९१० साली पाठवलेल्या २,००० झाडांना कीड लागलेली निघाली, म्हणून ती जाळून टाकावी लागली होती. तरी दोन वर्षांनी झाडं पुन्हा पाठवली गेली.

मग आपल्याकडे चेरी का नाही?

चेरीच्या कळ्या हिवाळ्यात झोपी जातात. त्यांना जागं व्हायला आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते आणि मग ऊब. थंडी पुरेशी झाली नाही तर कळ्या नीट उमलतच नाहीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेकोटी पेटवावी लागते हे खरं, पण दुपारी ऊन चटकतं. एवढ्याशा थंडीत चेरीचं भागत नाही. त्यात मार्चपासून वाढत जाणारं ऊन तिला झेपणारं नाही.

भारतात चेरी अजिबात नाही असं मात्र समजू नका. हिमालयात आणि मेघालयात रानचेरी आहे. तिला संस्कृतात पद्मक म्हणतात. शिलाँगला ही झाडं नोव्हेंबरच्या सुमारास गुलाबी होतात. तिथलं वॉर्ड्स लेक हे शहरातलं तळं आणि भोवतीची बाग फुलं पाहणाऱ्यांच्या आवडीची जागा आहे. जपानमध्ये वसंतात आणि शिलाँगला हिवाळ्याच्या तोंडावर! झाडांची कुळी एकच, पण कॅलेंडर वेगळं.

आपल्या मुंबईतही पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास गुलाबी झाडं फुलतात आणि लोक त्यांना 'मुंबईची चेरी' म्हणतात. पण ती चेरी नव्हे. ते टॅबेबुया, म्हणजे वसंतराणी. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं.

आपला बहर: क्रमाने पाहू

मराठवाड्यातल्या झाडांपुढचा प्रश्न थंडीचा नाही, पाण्याचा आहे. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून बरीच झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळून टाकतात आणि उघड्या फांद्यांवर आधी फुलं आणतात. मध्ये पानांचा आडोसा नसल्यामुळे फूल लांबून दिसतं.

• काटेसावर: जानेवारी ते मार्च. मोठी, जाड पाकळ्यांची लाल फुलं. रसासाठी साळुंक्या, बुलबुल आणि कावळे यांची नुसती गर्दी उडते.

• पळस: फेब्रुवारी-मार्च. फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. म्हणून संस्कृतात नाव पडलं किंशुक, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' याच फुलांचा रंग पूर्वी होळीला खेळायला करत. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण तर तुम्हाला माहीत आहेतच.

• लिंब: मार्च-एप्रिल. पुस्तकात याला कडुनिंब म्हणतात. बारीक पांढरा मोहर, संध्याकाळी वास दरवळतो. पाडव्याला आपण हाच मोहर किंवा कोवळा पाला गुळाबरोबर खातो.

• बहावा: एप्रिल-मे. पिवळे धमक लोंबते घोस.

• ताम्हण: साधारण एप्रिल ते जून. जांभळट गुलाबी फुलांचं हे झाड ओढ्या-नद्यांच्या काठी चांगलं वाढतं. महाराष्ट्राचं राज्यफूल हेच.

लाल रंग पक्ष्यांना चटकन दिसतो, मधमाशीला मात्र तो नीट दिसत नाही. सावर आणि पळस यांचं परागीभवन मुख्यतः पक्षी करतात. आता त्यांचा रंग असा का, हे तुम्हीच सांगा.

आणि आपला तळ्याकाठचा करंज

चेरीच्या फोटोची खरी आठवण करून देतो तो करंज. हे झाड मुळातच पाण्याकाठचं. ओढा, नदी, तळं यांच्या काठी ते आपसूक उगवतं. उन्हाळ्यात त्याला तजेलदार, चकचकीत पालवी येते आणि त्याच सुमारास पांढरी, फिकट गुलाबी, जांभळट छटेची बारीक फुलं लागतात. ही फुलं झाडावर बघायची तेवढीच झाडाखाली बघायची. सकाळी गेलात तर जमिनीवर फुलांचा सडा पडलेला असतो. काठावर झाड असेल तर फुलं पाण्यावरही तरंगतात.

गुणांनीही हे झाड मोठं आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात. बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळत. ते तेल साबणाला चालतं आणि त्यापासून जैवइंधनही करता येतं.

आपल्या भागात पाझर तलाव पुष्कळ आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली. त्यांतून रस्ते, बांध आणि तलाव झाले. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्यापैकी कुणीतरी त्या कामावर माती वाहिलेली असेल. एप्रिलमध्ये या तलावांचं पाणी मागे हटतं, काठाला चिखलाच्या भेगा पडतात, बगळे आणि ढोकऱ्या उथळ पाण्यात उभ्या असतात. तिकीट नाही, गर्दी नाही, गोंगाट नाही. सकाळी नऊच्या आत जायचं, कारण नंतर ऊन बसू देत नाही.

१२०० वर्षांची वही

आता या पाठातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जपानच्या क्योतो शहरात चेरी कधी फुलली याच्या नोंदी इ.स. ८१२ पासूनच्या सापडतात. त्या काही शास्त्रज्ञांनी लिहिल्या नव्हत्या. दरबारातल्या लोकांनी आणि भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत सहज लिहून ठेवलं होतं की आज फुलं पाहायला गेलो. पुढे यासुयुकी आओनो या संशोधकांनी या जुन्या नोंदी गोळा केल्या. त्यातून कळलं की अलीकडच्या काळात बहर लवकर येतो आहे. २०२१ साली क्योतोत पूर्ण बहर २६ मार्चला आला. १२०० वर्षांच्या नोंदींतली तेव्हापर्यंतची ती सर्वांत लवकरची तारीख ठरली. हवामान तापतं आहे याचा हा पुरावा फुलांनी दिला, पण तो टिकला कुणीतरी लिहिल्यामुळे.

आपल्याकडे काय आहे? जुनी माणसं सांगतात, बहावा फुलला की साधारण दीड महिन्यात पाऊस येतो. पेरणीची आशा अशा खुणांवर धरली जायची. ही खूण खरी आहे का? पूर्वी जुळायची आणि आता चुकते का? सांगता येत नाही, कारण तारखा आपण लिहिल्याच नाहीत. पावसावर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे, त्यांनी तरी ही वही घालायला हवी होती.

आणि वेळही थोडा आहे. उन्हाळ्यात बांध पेटवले जातात, त्यात पळसाची रोपं होरपळतात. रस्ता रुंद करताना जुने लिंब आणि करंज जातात. झाड गेलं की त्याची तारीखही गेली. आजोबा गेले की त्यांच्या आठवणीतली खूणही गेली.

करून पाहा

१. घर ते शाळा या वाटेवरचं किंवा तळ्याकाठचं एकच झाड निवडा. रोज दिसेल असं हवं.

२. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच्याकडे पाहा. जुनी पानं, नवी पालवी, कळ्या, फुलं, शेंगा किंवा फळं यांपैकी काय आहे ते वहीत तारखेसह लिहा. 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात देशभरातली मुलं अशाच नोंदी करतात.

३. पहिलं फूल दिसलं ती तारीख लाल शाईने लिहा. पहिला मोठा पाऊस पडला ती तारीख निळ्या शाईने. मधले दिवस मोजा.

४. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा: तुमच्या लहानपणी हे झाड कोणत्या सणाच्या आसपास फुलायचं? उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

५. फांदी मोडू नका. खाली पडलेली फुलं हवी तेवढी घ्या.

एका वर्षाच्या नोंदीने फारसं काही कळणार नाही. दहा वर्षांच्या नोंदीने थोडं कळेल. तुम्ही दहावी होऊन गेलात की वही खालच्या वर्गातल्या मुलांकडे द्या. झाड तिथेच असेल, त्याच्याकडे बघणारं कुणीतरी मात्र हवं.