इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी : बेरीज बरोबर, तरी धोका

लिथियम पॉलिमर बॅटरी वजनाला हलकी, पण चार्जिंगच्या बाबतीत फार नाजूक! तिचं गणित चौथीच्या मुलालाही कळेल.

36 व्होल्टच्या बॅटरीत 10 सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टपर्यंतच भरायचा, म्हणजे एकूण 42. आता बघा, 9 सेल 4.17 वर थांबले आणि एक 4.47 वर गेला, तरी बेरीज 42च येते. वर्गाची सरासरी उत्तम, पण एक मूल तापाने फणफणलेलं, तसंच हे. साध्या चार्जरला फक्त बेरीज कळते. तो जास्त भरलेला सेल फुगतो, कधी पेटही घेतो. म्हणून प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवणारं बीएमएस सर्किट आत आहे का, हे घेतानाच विचारा. नसेल तर बॅलन्स चार्जर हवाच.

उन्हातून आल्यावर बॅटरी आधी गार होऊ द्या. सुट्टीत गावी जाताना ती साधारण अर्धी भरलेली ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, टोचू तर मुळीच नका. आणि पालकांनो, रात्री दारापाशी किंवा जिन्याखाली चार्जिंग नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.