पाण्यावरचा संथ संसार

निवृत्त माणसाला प्रवास करावासा वाटतो आणि प्रवासी कंपन्यांना ते नेमके कळलेले असते. ग्रॅच्युइटीचा चेक जमा होतो न होतो तोच रंगीत पत्रके घरात येऊ लागतात. दहा दिवसांत सात देश! पहाटे पाचला उठायचे, बसमध्ये बसायचे, एखाद्या मनोऱ्यापुढे उभे राहून फोटो काढायचा आणि पुन्हा बस गाठायची. आयुष्यभर मस्टरवर सही करायला धावलेला माणूस सुटीतही हजेरीच देत असतो. बायको शेजारच्याच सीटवर असते, पण तिच्याशी बोलणे होते ते ‘पासपोर्ट कुठे ठेवलास?’ एवढेच.

याच्या नेमका उलटा प्रवास फ्रान्समध्ये करता येतो. त्या देशात नद्या आणि कालवे मिळून सुमारे साडेआठ हजार किलोमीटरचे जलमार्ग आहेत. आठवडाभरासाठी एक होडी भाड्याने घ्यायची. आत दोन बाके, छोटे स्वयंपाकघर, निजायची जागा. चालवायला परवाना लागत नाही. तासाभरात शिकवतात आणि सुकाणू हाती देतात. दक्षिणेकडच्या ‘कॅनाल द्यू मिदी’ या कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी आठ किलोमीटर. म्हणजे आपली सायकल त्यापेक्षा पुढे जाईल! त्यामुळे तरुणांइतकीच पिकल्या केसांची जोडपी या होड्यांवर दिसतात. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने दोर टाकायचा. संध्याकाळी एखाद्या गावाच्या काठाला होडी बांधायची, पाव-भाजी आणायची आणि झोपायचे.

वाटेत कालवा चढतो-उतरतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले हौद बांधले आहेत. होडी आत गेली की मागचे दार बंद करतात, पाणी सोडतात, होडी हळूहळू वर उचलली जाते आणि पुढचे दार उघडते. पाण्याचा जिनाच म्हणा ना. गंमत अशी, की दुपारी जेवणाच्या वेळी हे दरवाजे तासभर बंद असतात. होड्या मुकाट्याने थांबतात, कोणी ओरडत नाही. आमच्या काळी काउंटरवर ‘जेवणाची सुटी’ अशी पाटी लागली की रांगेतून जे शब्द ऐकू येत, ते येथे छापण्याजोगे नाहीत.

हा कालवा बांधणारा पिएर-पॉल रिके इंजिनिअर नव्हता, मिठाचा कर वसूल करणारा अधिकारी होता. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडण्याचे वेड त्याने घेतले. चौदाव्या लुईची परवानगी मिळाली आणि 1666 मध्ये काम मंजूर झाले. ऐन भरात 12 हजार माणसे राबत होती, त्यांत बायकाही होत्या. रिकेने स्वतःची पुंजी ओतली आणि कर्जे काढली. माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाने ही फाइल पाहिली असती तर ‘जोखीम फार’ असा शेरा मारून परत पाठवली असती! 1681 मध्ये कालवा खुला झाला. पण काही महिने आधी, 1680 मध्ये, रिके कर्जातच वारला. पुढे पावणेदोनशे वर्षे धान्य, दारूची पिंपे, टपाल आणि उतारू या पाण्यावरून गेले. मग आगगाडी आली आणि कालवा मागे पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मालवाहतूक थांबली, 1996 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले आणि आता त्यावर सुटीवरची माणसे तरंगतात. काठावरच्या चिनारवर्गातल्या हजारो जुन्या झाडांना बुरशीचा रोग लागला. 2006 पासून ती तोडून नवी लावणे चालू आहे. सावली पुन्हा यायला एक पिढी जाईल.

आता तुम्ही म्हणाल, हे फ्रान्सचे कौतुक गोंदियाला कशासाठी? तर वाचकहो, आपल्या वैनगंगेवरही असेच स्वप्न पाहिले गेले होते. सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटवरून येणारी आणि आपल्या जिल्ह्याची सीमा आखत भंडाऱ्याकडे जाणारी ही नदी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत शिरते. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन आणि कॅप्टन हेग या इंजिनिअरांनी ठरवले, की याच वाटेने पूर्व किनाऱ्यावरून मध्य प्रांतापर्यंत बोटी आणायच्या आणि नागपूरकडचा कापूस समुद्राला पोचवायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि दरवाजांचे हौद बांधायचे ठरले आणि दुम्मागुडेमला काम बरेच पुढेही गेले. पण 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली आणि 1871 मध्ये सरकारने योजना गुंडाळली. फ्रान्सचा कालवा आगगाडीपुढे हरला खरा, पण हरण्याआधी तो पुरा झाला होता, म्हणून आज सहलीला उरला. आपला पुरा होण्याआधीच हरला.

आपल्याकडे पाणी अडवणारे रिके मात्र झाले. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते. सभोवारच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. दोन टेकड्यांमधली खिंड नेमकी कोठे बांधायची, पाळ किती रुंद ठेवायची, हे कोहळी समाजाला कोणत्याही कॉलेजाशिवाय कळत होते. धानाला पाणी मिळाले आणि लोकांनी कोलूला कोलासुर म्हणून पूजेला बसवले. तिकडे रिकेचा पुतळा झाला, इकडे कोलूचा देव झाला.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात मी आणि सौ. याच तलावावर एका ढिवरदादांच्या डोंग्यात बसलो होतो. मोटार नाही, आवाज नाही. बांबू पाण्यात रुतायचा आणि निघायचा तेवढाच. लांब बदकांचा थवा पाण्यावर बसलेला. डोंगा जवळ जाईल तसा तो थोडा सरके, पण उडत नसे. बदल्यांच्या नोकरीत सात गावे झाली, प्रत्येक गावी सौ.ने नव्याने चूल मांडली. आमचे बोलणे दूधवाला, फी आणि गॅस यांतच संपत असे. त्या सकाळी ती आपल्या माहेरच्या तळ्याबद्दल, तिथे बुडता बुडता वाचलेल्या बहिणीबद्दल बोलली. चाळीस वर्षांत मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. मी विचारले, “अगं, कधी सांगितलं नाहीस?” ती म्हणाली, “अहो, तुम्ही इतका वेळ एका जागी बसलात कधी?”

संथ पाण्याचा हा गुण असावा. तेथून उठून जायला जागाच नसते.

पण डोंग्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये होडी ही हौस आहे. वैनगंगेकाठी ती अजूनही गरज आहे. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला नदीपलीकडे निघालेल्या बायकांची नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. त्यांचा नौकाविहार नव्हता, रोजीचा रस्ता होता. पर्यटनाच्या योजना कागदावर येतात तेव्हा पहिले कलम हे असावे, की जेथे रोज माणसे पार होतात तेथे पूल किंवा धड नाव आणि प्रत्येकाला तरंगणारे जाकीट.

त्यानंतर हौसेचे पाहू. नवेगावबांधला नौकाविहार सुरू-बंद होत आला आहे. तो पुन्हा नीट बसवायचा तर धडधडणाऱ्या मोटारबोटी नकोत. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचे हे पाणी आहे, आणि महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने उरले आहेत ते आपल्याच जिल्ह्यात. ढिवरांच्या सोसायटीला वल्ह्याच्या चार होड्या द्या, वेळ ठरवून द्या, काठापासूनचे अंतर आखून द्या. पाणी त्यांच्या ओळखीचे आहे. जोडप्यांनी तासभर बसावे आणि नाविकाची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

मुलाबाळांनी आईवडिलांना सात देश जरूर दाखवावेत. मात्र तिकिटे काढण्याआधी एका रविवारी दोघांना नवेगावच्या पाळीवर नुसते सोडून यावे. न्यायला संध्याकाळी गेले तरी चालेल.